क्लस्टर तुमचं, पण तुमच्यानंतर कोणाचं?

कॉम्प्युटरच्या पोरांच्या घोळक्यात जा, 'कोणतं लिनक्स भारी?' एवढंच विचारा आणि बाजूला व्हा. पुढचा तासभर फुकट करमणूक. एक म्हणणार उबुंटू. दुसरा म्हणणार, उबुंटू काय, शाळेतली पोरंपण वापरतात, दम असेल तर आर्च लावून दाखव. तिसरी शांतपणे 'डेबियन' म्हणून चहा पीत बसणार. चौथ्याने कालच एक व्हिडिओ पाहिलेला असतो, तो फेडोरावर बोलायला लागला की थांबतच नाही. चहा गार होतो, लेक्चर बुडतं, निकाल काही लागत नाही.

स्वतःच्या लॅपटॉपपुरता हा वाद खुशाल चालू द्या. लॅपटॉप तुमचा, हौस तुमची, रात्री दोन वाजता स्क्रीन काळी पडली तर रडणारेही तुम्हीच. पण हाच वाद कॉलेजच्या क्लस्टरवरून सुरू झाला की मला काळजी वाटते. कारण तिथे निवडणारा एक असतो आणि निस्तरणारे दुसरेच असतात. आज थर्ड इयरला असलेला मुलगा निवड करणार, दोन वर्षांत नोकरी लागून निघून जाणार, आणि त्याच्या निवडीसोबत दिवस काढणार ती आत्ता अकरावीत असलेली मुलगी.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. क्लस्टरची ऑपरेटिंग सिस्टीम आणि तो सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडताना 'सगळ्यात भारी काय?' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी विचारा, 'आपण पास होऊन गेल्यावर हे कोण चालवणार, आणि त्याला ते जमेल का?' या प्रश्नाचं उत्तर सापडलं की बाकीचे अर्धे वाद आपोआप मिटतात.

आता तुम्ही म्हणाल, मास कॉमची मुलगी आणि क्लस्टरवर ग्यान? कबूल आहे, माझ्या हातात माईक असतो, कमांड नसते. पण गावच्या पाणीयोजनेबद्दल बोलायला प्लंबर असावं लागत नाही. नळाला पाणी येत नाही एवढं कळलं तरी पुरतं. क्लस्टर ही कॉलेजची सामायिक वस्तू आहे. ती कशी चालावी हे फक्त ती जोडणाऱ्या चार जणांनी ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी समजून घेऊ

क्लस्टर म्हणजे बरेच कॉम्प्युटर नेटवर्कने एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच मोठ्या मशीनसारखं काम करून घेणं. ही कल्पना गरिबांची आहे, आणि म्हणूनच मला ती आवडते. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे ४८६ प्रोसेसरचे १६ साधे कॉम्प्युटर इथरनेटच्या वायरने जोडले, त्यावर लिनक्स टाकलं आणि त्याचं नाव ठेवलं बेवुल्फ. महासंगणक विकत घ्यायची ऐपत नसलेल्या जगभरातल्या विद्यापीठांना तिथून वाट सापडली. आज जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, तिच्यात नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक मशीन लिनक्सवर चालतं.

आपल्याला तर हा इतिहास घरचाच आहे. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, तोही अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच. आज पुण्यात आयसरमध्ये 'परम ब्रह्मा' आहे, हवामानाचा अभ्यास करणाऱ्या आयआयटीएममध्ये 'अर्का' आहे, आणि जीएमआरटीच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी २०२४ मध्ये 'परम रुद्र' आलाय.

तुमच्या कॉलेजात एवढं मोठं काही येणार नाही. येईल ते असं: जुन्या लॅबमधले सोळा-वीस पीसी, किंवा कुठल्याशा अनुदानातून आलेले चार-पाच सर्व्हर. त्यातला एक मुकादम, ज्याला हेड नोड म्हणतात. तुम्ही लॉगिन करता ते त्याच्यावर. बाकीचे कामकरी, म्हणजे कॉम्प्युट नोड. मुकादम काम वाटतो, कामकरी राबतात.

आणि हे वापरतं कोण? कॉम्प्युटर डिपार्टमेंट तर आहेच. पण केमिस्ट्रीची एमएस्सी करणारी ताई रेणूंचं सिम्युलेशन चालवते. स्टॅटिस्टिक्सवाला तेच गणित दहा हजार वेळा फिरवतो. मेकॅनिकलची पोरं पंख्याच्या पात्यावरून हवा कशी वाहते ते बघतात. यांच्यापैकी एकालाही तुम्ही कोणतं लिनक्स टाकलंय याच्याशी काही घेणंदेणं नाही. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात क्लस्टर चालू असावा आणि गेल्या वर्षी चाललेला प्रोग्रॅम या वर्षीही तसाच चालावा, एवढंच त्यांचं मागणं असतं.

सेंटओएसने काय शिकवलं

बरीच वर्षं क्लस्टर म्हटलं की डोळे मिटून सेंटओएस टाकलं जायचं. कारण साधं होतं. रेड हॅट कंपनीचं लिनक्स पैसे मोजून घ्यावं लागतं. सेंटओएस म्हणजे तेच लिनक्स, फुकट, फक्त कंपनीचा शिक्का आणि सपोर्ट नाही. आणि एकेक आवृत्ती दहा-दहा वर्षं चालायची.

सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आलं. २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी ते बसवायला सुरुवात केली. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की सेंटओएस ८ ला ३१ डिसेंबर २०२१ नंतर अपडेट मिळणार नाहीत. दहा वर्षांचा वायदा सव्वादोन वर्षांत संपला. जुनं सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चाललं. म्हणजे नवीन घेतलेल्यांचा खेळ आधी आटोपला, जुनं धरून बसलेले नंतर बाहेर पडले. गंमतच आहे, नाही?

यात दोष कुणाचा, यावर अजूनही लोक हमरीतुमरीवर येतात. कंपनीच्या बाजूनेही बोलता येतं. ज्याचे पैसे कुणी देत नाही ते तिने कायम का सांभाळावं? मला यातून आपल्यापुरता एकच मुद्दा उचलायचाय. ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना तुम्ही सॉफ्टवेअरसोबत एक वायदाही घरी आणता. त्यामुळे वायदा देणारा कोण, तो कशावर उभा आहे आणि त्याने वायदा मोडला तर आपल्याकडे दुसरी वाट आहे का, हे आधी बघायला हवं.

इथे दुसरी वाट निघाली, हे नशीब. मूळ सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्स सुरू केलं. क्लाउडलिनक्स कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्स आलं. दोन्ही २०२१ मध्येच हातात मिळाली, आणि सेंटओएसवरून त्यांच्याकडे जाताना सगळं नव्याने शिकावं लागलं नाही. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स कोड देण्याची पद्धतही बदलली. त्यानंतर अल्माने 'हुबेहूब नक्कल' सोडून 'तिथे चालणारा प्रोग्रॅम इथेही चालेल' एवढ्यावर भर दिला, रॉकीने हुबेहूबचाच हट्ट धरला. तरी दोन्ही चालू आहेत.

आणि 'अपडेट बंद झाले तर काय बिघडलं, मशीन तर चालतंय ना' असं म्हणणाऱ्यांसाठी हे ऐका. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोडची नवी आवृत्ती आली आणि सेंटओएस ७ वाल्या सर्व्हरला ती लांबून जोडलीच जाईना. सर्व्हरवरची एक मूलभूत लायब्ररी तिला फार जुनी वाटत होती. जगभर इतकी ओरड झाली की जुन्या सर्व्हरसाठी मुदत वाढवून द्यावी लागली. म्हणजे सर्व्हर जागेवरच होता, बिघडला नव्हता, त्याच्या आजूबाजूचं जग पुढे निघून गेलं. त्याची झळ लागली ती आपल्यासारख्यांना. सकाळी लॅपटॉप उघडला आणि कालपर्यंत चालणारं काम अडलं.

मग टाकायचं काय?

गोल गोल बोलून पळून जाणार नाही, माझं मत देते.

कॉलेजच्या क्लस्टरवर वेगवेगळ्या विषयांची माणसं काम करणार असतील, तर रॉकी किंवा अल्मा टाका. दोन्हींच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण दहा वर्षं अपडेट मिळतात. नववी आवृत्ती २०३२ पर्यंत चालणार आहे. तेवढ्या काळात तुमच्या कॉलेजातून इंजिनिअरिंगच्या दोन पूर्ण बॅचेस आत येऊन बाहेर पडतात. शिवाय मेकॅनिकलवाल्यांची पैसे मोजून घ्यायची बरीच सॉफ्टवेअर कोणत्या लिनक्सवर चालतील हे त्यांच्या कंपन्या लिहून देतात, आणि त्या यादीत रेड हॅटच्या घराण्यातली लिनक्स हमखास असतात. दोघांत कोणतं, यावर मात्र कृपया कट्टा भरवू नका. युरोपातल्या सर्न आणि अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळांनी डिसेंबर २०२२ मध्ये अल्माची शिफारस केली, तर अनेक क्लस्टर रॉकीवर मजेत चालतात. नाणं उडवा आणि कामाला लागा.

सगळं काम एआयचंच असेल, जीपीयू लावलेली दोन-चार मशीन असतील, तर उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्या. एनव्हिडिया स्वतःच्या एआय सर्व्हरवर देते ती सिस्टीमही उबुंटूवरच बेतलेली आहे, आणि तुम्हाला सापडणारे बहुतेक ट्युटोरियल उबुंटूसाठीच लिहिलेले असतात. पाच वर्षं अपडेट मिळतात. कॉलेजच्या हिशेबाने ते कमी आहे, पण एआयच्या हिशेबाने पाच वर्षांत मशीनच म्हातारं होतं.

डेबियन? उत्तम. सांभाळणारे सर डेबियनमध्ये मुरलेले असतील तर तेच टाका. माणूस ज्यात मुरलेला आहे ते लिनक्स, कागदावर सरस दिसणाऱ्या लिनक्सपेक्षा केव्हाही बरं.

विंडोज? मायक्रोसॉफ्टने प्रयत्न केला होता. २००८ मध्ये शांघायचा एक महासंगणक विंडोजवर चालून जगात दहावा आला होता. पण आता त्या ५०० च्या यादीत विंडोज औषधालाही नाही. तुम्ही उद्या आयसरला, आयआयटीला किंवा परदेशात संशोधनाला गेलात तर समोर लिनक्सच येणार. मग सवयही त्याचीच लावून घ्या.

आणि आर्च? फेडोरा? दोन्ही झकास आहेत, तुमच्या लॅपटॉपवर. फेडोराच्या एका आवृत्तीला साधारण तेरा महिने अपडेट मिळतात. आर्चला आवृत्तीच नाही, ते रोज बदलत राहतं. ज्या ताईचं सिम्युलेशन तीन आठवडे चालणार आहे, तिच्या पायाखालची जमीन रोज हलवू नका.

सोळा पीसी आणि एक पेनड्राइव्ह

ऑपरेटिंग सिस्टीमवर एवढी भांडणं होतात, पण क्लस्टर बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. मशीन एकापेक्षा जास्त आहेत हे बसवणारा विसरतो. तो पेनड्राइव्ह घेतो आणि सोळाही पीसींवर एकेक करून लिनक्स चढवतो. पीसीमागे अर्धा तास धरला तरी सलग आठ तास. सातव्या पीसीपाशी कंटाळा येतो, अकराव्यावर एक सेटिंग राहून जातं. सहा महिन्यांनी कुणाचा तरी प्रोग्रॅम फक्त अकराव्यावरच गडबडतो आणि कारण कुणालाच कळत नाही.

म्हणून व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लागतं. त्याची कामं तीन. पहिलं, सगळ्या नोडना एकसारखी सिस्टीम पुरवणं. दुसरं, काम कुणाचं कधी लागणार ते ठरवणं. तिसरं, कोण चालू, कोण बंद, कोण तापलाय यावर लक्ष ठेवणं.

पहिल्या कामासाठी वेअरवुल्फ बघा. हेही कर्टझर यांनीच सुरू केलेलं. हेड नोडवर सिस्टीमची एक प्रत तयार करायची. बाकीचे नोड चालू झाले की नेटवर्कवरून ती प्रत घेतात आणि आपल्या मेमरीत चालवतात. बदल करायचा तर एका प्रतीत करा, नोड बंद-चालू करा, सोळाच्या सोळा सारखे. आणि आपल्याकडच्या कॉलेजांसाठी यात एक मोठी सोय आहे: यासाठी पीसीच्या डिस्कला हात लावावा लागत नाही. लॅबमधले पीसी दिवसा प्रॅक्टिकलसाठी विंडोजवर चालू द्या, रात्री नेटवर्कवरून उठवून क्लस्टर करा, सकाळी लॅबवाले काका यायच्या आत पुन्हा जैसे थे. मेमरी मात्र पुरेशी हवी, कारण सिस्टीम तिथेच राहायला येते.

दुसऱ्या कामासाठी स्लर्म. २००२ च्या सुमारास अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत हे सुरू झालं आणि आज जगातले कित्येक मोठे महासंगणक त्यावर चालतात. तुम्ही काम सांगायचं, किती प्रोसेसर आणि किती वेळ लागेल ते लिहायचं आणि रांगेत उभं राहायचं. त्याची एक युक्ती मला फार आवडली. एसटीत एखाद्या सीटचं रिझर्वेशन पुढच्या स्टॉपपासून असतं, तोवर मधल्या स्टॉपला उतरणारा प्रवासी त्या सीटवर बसून घेतो. स्लर्म अगदी तेच करतं. मोठ्या कामासाठी नोड मोकळे होईपर्यंत मधल्या वेळात मावणारी छोटी कामं उरकून घेतं. म्हणून वेळेचा अंदाज खरा लिहा. 'असू दे जास्तच' म्हणून सात दिवस लिहिलेत तर तुम्ही लांबचे प्रवासी ठरता आणि सीट मिळत नाही.

स्लर्म घ्यायचं आणखी एक कारण आहे. आयसरच्या परम ब्रह्मावरही लिनक्स आणि स्लर्मच आहे. कॉलेजात काम रांगेत लावायची जी कमांड शिकाल, तीच तिथे चालते. शिकलेलं वाया जात नाही.

हे सगळं एकत्र बसवायची रीतही कुणीतरी आधीच लिहून ठेवलीय. २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनएचपीसी प्रकल्प सुरू झाला. रॉकी किंवा अल्मावर वेअरवुल्फ आणि स्लर्म कसं चढवायचं, याची पायरी पायरीने लिहिलेली पाककृती त्यात मिळते. उबुंटूसाठी अशी तयार पाककृती तिथे नाही, रॉकी-अल्माच्या बाजूने मी बोलतेय त्याचं हेही एक कारण. पाककृती बघून करण्यात कमीपणा नाही. तीच पाककृती उद्या ज्युनिअरच्याही हातात असेल, ही खरी सोय.

मात्र इथेही वायदा तपासा. एके काळी रॉक्स नावाचं पॅकेज फार लोकप्रिय होतं. सॅन डिएगोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरमध्ये जन्मलेलं, डीव्हीडी घातली की क्लस्टर तयार, इतकं सोपं. त्याची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली, तीही सेंटओएस ७ वर बेतलेली. आज कुणी 'आमच्या सिनिअरने रॉक्सवर केलं होतं, आपणही तसंच करू' म्हणालं तर मायेने ऐका आणि नाही म्हणा. जे सॉफ्टवेअर घ्याल त्याची शेवटची आवृत्ती कधी आली, एवढं एक बघायला पाच मिनिटं लागतात.

'कंपनी बघेल ना!'

हा प्राध्यापकांचा आवडता मुद्दा, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पैसे देऊन सपोर्ट मिळतो, फोन उचलणारं माणूस मिळतं, जबाबदारी कुणाची ते कागदावर असतं. सांभाळणारं कुणीच नसेल आणि दरवर्षी एएमसीचे पैसे मंजूर होणार असतील, तर जरूर घ्या.

पण पहिलं वर्ष टेंडरमध्ये बसतं, चौथ्या वर्षाचं काय? अनुदान संपतं, एएमसी थांबते, लायसन्सची मुदत जाते. सॉफ्टवेअर फक्त त्याच कंपनीला उघडता येत असेल तर लाखोंचं मशीन कपाटासारखं कोपऱ्यात उभं राहतं. म्हणून कंपनीकडून घ्यायचंच असेल तर दोन अटी घाला. आतली सिस्टीम सगळ्यांना ठाऊक असलेली असावी, आणि सगळे पासवर्ड आणि बसवण्याची पूर्ण नोंद कॉलेजच्या ताब्यात मिळावी. या अटी घालणं उद्धटपणा नाही. घर घेताना आपण किल्ली मागतोच की.

'पण आम्हाला शिकायचंय!'

हा तुमचा मुद्दा, आणि मला तो जास्त पटतो. सगळं पाककृती बघून केलं तर शिकणार काय? स्वतः कर्नल बांधला नाही, सगळं मोडून पुन्हा उभं केलं नाही, तर इंजिनिअर कसले?

शंभर टक्के मान्य. त्यासाठी दोन जुने पीसी वेगळे काढा आणि त्यांच्यावर हवा तो धुमाकूळ घाला. आर्च टाका, जेंटू टाका, रोज उडवा, रोज उभं करा. त्यावर कुणाचा प्रबंध अडलेला नसतो. एकांकिकेच्या तालमीत वाट्टेल ते करून बघता येतं, पण पडदा उघडल्यावर ठरलेलाच प्रवेश करायचा असतो.

आणि खरं सांगू, जुळणी करायला लागतं त्याहून जास्त कसब सांभाळायला लागतं. जुळणी एका शनिवार-रविवारी होते, तिचे फोटो निघतात, बातमी येते. सांभाळायचे मात्र फोटो निघत नाहीत. दर महिन्याला अपडेट टाकणं, बॅकअप खरंच परत वाचता येतो का ते बघणं, निघून गेलेल्यांची लॉगिन बंद करणं. हे शेवटचं काम तर सगळ्यात दुर्लक्षित. मे २०२० मध्ये युरोपातल्या अनेक महासंगणक केंद्रांत घुसखोरी झाली. एडिनबरोचा आर्चर बंद ठेवावा लागला, जर्मनीतली काही केंद्रंही. घुसणारे आले होते ते चोरलेल्या लॉगिनमधून. एवढ्या मोठ्या केंद्रांचं हे झालं, तर ज्या क्लस्टरवर तीन बॅचपूर्वीच्या मुलांची लॉगिन अजून चालू आहेत त्याचं काय बोलायचं?

एक पान लिहा

तर माझी मागणी सोपी आहे, आणि ती प्राचार्यांपेक्षा तुमच्याकडे जास्त आहे.

क्लस्टर बसवण्याआधी एक पान लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घेतली, का घेतली, तिचे अपडेट कोणत्या वर्षी संपणार. कोणतं व्यवस्थापन सॉफ्टवेअर, त्याची पाककृती कुठे ठेवलीय. मुख्य पासवर्ड कुणाच्या ताब्यात आहे. अपडेट संपायच्या एक वर्ष आधी काय करायचं. कॉलेजात खुर्ची-टेबलांसाठी डेड स्टॉक रजिस्टर असतं, एकेका स्टुलाला नंबर असतो. लाखोंच्या क्लस्टरची मात्र सगळी माहिती कुण्या एका दादाच्या डोक्यात, आणि दादा बंगळुरूला. त्या रजिस्टरशेजारी हे पान ठेवा.

निवड करताना वापरणाऱ्यांना बोलवा. केमिस्ट्रीची ताई, स्टॅटिस्टिक्सवाला, मेकॅनिकलची पोरं. त्यांना लिनक्सचं नाव विचारू नका, त्यांना कोणती सॉफ्टवेअर लागतात आणि किती वेळ लागतात ते विचारा. ती यादी समोर ठेवली की उबुंटू की रॉकी हा वाद पंधरा मिनिटांत सुटतो.

आणि दरवर्षी मार्चमध्ये, परीक्षांची गडबड सुरू व्हायच्या आत, एक परीक्षा क्लस्टरची घ्या. एक नोड मुद्दाम पूर्ण पुसा. सेकंड इयरच्या दोन पोरापोरींच्या हातात ते पान द्या आणि सिनिअर्सनी खोलीबाहेर जाऊन बसा. त्यांना तो नोड पुन्हा उभा करता आला, तर तुमची निवड बरोबर होती, मग नाव काहीही असो. नाही आला, तर तुम्ही निवडलेलं जगात सगळ्यात भारी असलं तरी तुमच्या कॉलेजसाठी ते चुकीचं आहे. पान दुरुस्त करा, नाहीतर सॉफ्टवेअर बदला.

कॉलेजातल्या बऱ्याच गोष्टी अशाच चालतात. मासिक, नाट्यमंडळ, ट्रेकिंगचा ग्रुप, सगळं दर तीन-चार वर्षांनी पूर्ण नव्या हातात जातं आणि तरी टिकतं, कारण जाणारा येणाऱ्याला बसवून सांगतो. क्लस्टरलाही तेच लागतं. त्यामुळे लिनक्स कोणतंही घ्या, वाद घालायचा तर तोही घाला, फक्त त्या वादात एक खुर्ची अजून न आलेल्या बॅचसाठी रिकामी ठेवा. मत देताना तिच्याकडे एकदा बघा.